भावावर मारामारीची केस चालू आहे, फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन मिळेल का?

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात देते. त्यांच्या धाकट्या भावाचं डी.फार्म २०२१ ला झालं. त्याआधी २०१९ च्या विसर्जन मिरवणुकीत दोन मंडळांची मारामारी झाली, अकरा पोरांवर केस झाली, त्यात ह्याचंही नाव आलं. भारतीय दंड संहितेची कलमं १४३ आणि १४७ (बेकायदा जमाव, दंगल), ३२३ (साधी दुखापत), ५०४ (मुद्दाम अपमान), ५०६ (धमकी). केस अजून तालुक्याच्या कोर्टात पडून आहे. भीतीपोटी त्याने फार्मसी कौन्सिलकडे अर्जच केला नाही, चार वर्षं ओळखीच्या मेडिकलमध्ये हेल्पर म्हणून उभा राहतो. आता एक एजंट म्हणतोय की फॉर्ममध्ये केसचं काही लिहू नका, कोण बघायला येतंय.

ताई, आधी एजंटला नाही म्हणा, बाकीचं नंतर बघू. मी एकवीस वर्षं वकिली करते, फौजदारी कोर्टात आणि कौन्सिलपुढे दोन्हीकडे उभी राहते, आणि केस आहे म्हणून रजिस्ट्रेशन अडलं असं मी फार कमी वेळा पाहिलंय पण केस लपवली म्हणून माणूस अडचणीत आला असं मात्र पुन्हा पुन्हा पाहिलंय.

फार्मासिस्टचा कायदा आहे फार्मसी अ‍ॅक्ट १९४८. त्यात नाव नोंदवायला काय लागतं ते कलम ३२ मध्ये आहे: वय १८ पूर्ण, मान्यताप्राप्त परीक्षा पास, त्या राज्यात राहणं किंवा तिथे फार्मसीचं काम करणं, आणि फी. एवढंच. त्यात कुठेही असं लिहिलेलं नाही की ज्याच्यावर गुन्हा दाखल आहे त्याने अर्ज करू नये. म्हणजे तुमच्या भावाने जी चार वर्षं घाबरून घालवली ती कायद्याने मागितलीच नव्हती. हे वाचून त्याला वाईट वाटेल, पण त्याला सांगा, कारण अजून उशीर करण्यात काही अर्थ नाही.

गुन्ह्याचा विषय येतो तो पुढे, कलम ३६ मध्ये, नाव काढून टाकण्याच्या कलमात. नाव काढायची जी कारणं तिथे दिलीत त्यातलं पहिलंच कारण वाचा: नाव चुकून, खोटी माहिती देऊन किंवा महत्त्वाची गोष्ट दडवून नोंदवलं गेलं असेल तर. गुन्ह्यात शिक्षा झाली हे कारण त्याच्यानंतर येतं, आणि तिथेही नुसती शिक्षा पुरत नाही, त्या शिक्षेमुळे हा माणूस रजिस्टरवर राहायला लायक नाही असं कौन्सिलच्या कार्यकारी समितीचं मत व्हावं लागतं. त्यासाठी चौकशी, त्याचं म्हणणं ऐकून घेणं, मग पूर्ण कौन्सिलची मंजुरी, मंजुरीनंतरही तीन महिने आदेश लागू होत नाही, आणि मंजुरी कळल्यापासून तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील. बघा, शिक्षा झालेल्या माणसालाही कायदा एवढ्या पायऱ्या देतो. दडवलं म्हटल्यावर मात्र त्या पायऱ्यांवर उभं राहून सांगायला तुमच्याकडे काही उरत नाही, कारण तिथे प्रश्न मारामारीचा नसतो, तुमच्या सहीचा असतो.

आता त्याच्या हेल्परच्या कामाबद्दल, आणि हे मला केसपेक्षा जास्त काळजीचं वाटतंय. कलम ४२ प्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी द्यायचं नाही आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. साफसफाई, माल लावणं, बिलिंग हे वेगळं. पण संध्याकाळी गर्दीच्या वेळी काऊंटरवर हाच चिठ्ठी वाचून स्ट्रिप कापून देत असेल, आणि डी.फार्म झालेला पोरगा म्हटल्यावर मालक त्यालाच पुढे करणार हे मला माहीत आहे, तर मिरवणुकीतल्या जुन्या केसच्या भीतीने तो रोज नवा गुन्हा अंगावर घेतोय आणि तो थेट धंद्याशी संबंधित गुन्हा आहे. कौन्सिल मिरवणुकीतल्या ढकलाढकलीकडे एका नजरेने बघेल आणि बिगरनोंदणी औषध देण्याकडे दुसऱ्या नजरेने. उद्यापासून त्याला चिठ्ठीच्या औषधांपासून लांब ठेवा, मालकाला वाईट वाटलं तरी चालेल.

आता शब्दांकडे या, कारण सगळा खेळ शब्दांचा आहे. फॉर्ममध्ये, प्रतिज्ञापत्रात किंवा नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात (पोलीस पडताळणीसाठी स्वतःची माहिती लिहून द्यायचा फॉर्म) जो प्रश्न असतो तो तीन प्रकारे येतो आणि लोक तिन्हीला एकच समजतात. एक, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का. दोन, तुमच्यावर कुठल्या कोर्टात खटला प्रलंबित आहे का. तीन, तुम्हाला कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का. तुमच्या भावाचं उत्तर पहिल्याला हो, दुसऱ्याला हो, तिसऱ्याला नाही. फॉर्ममध्ये फक्त तिसरा प्रश्न असेल तर नाही लिहिणं हे खरं उत्तर आहे, ते लपवणं नाही, आणि न विचारलेलं सगळं रामायण तिथे लिहायची गरज नाही. पण दुसरा प्रश्न असेल आणि तिथे नाही लिहिलं तर ते खोटं प्रतिज्ञापत्र. फॉर्म आणि नमुने बदलत राहतात, मित्राने दोन वर्षांपूर्वी भरलेला फॉर्म बघून भरू नका, स्वतःच्या फॉर्मवरचं वाक्य बोट ठेवून वाचा, आणि मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर असेल तर दोन्ही वाचा.

लोकांच्या मनात 'माझ्यावर केस आहे' ह्या एका वाक्यात इतक्या वेगवेगळ्या गोष्टी असतात की माझा पहिला अर्धा तास तेच सुटं करण्यात जातो. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, पोलिसांनी वहीत लिहून घेतलं आणि कोर्टात जायला सांगितलं, ती शिक्षा नाही आणि बहुतेक वेळा खटलाही नाही. चॅप्टर केस म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ ची कारवाई, सणाच्या आधी पोलीस मंडळाच्या पोरांना बोलावून शांतता राखायचा बॉण्ड घेतात ती, तीही शिक्षा नाही. पोलिसांनी तपास करून समरी, म्हणजे केस बंद करायची मंजुरी, मागितली असेल तर ए, बी, सी यातली कुठली ते बघावं लागतं, बी समरी म्हणजे तक्रारच खोटी निघाली, सी समरी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून झालेली तक्रार, आणि कोर्टाने ती मंजूर केली का हेही बघावं लागतं. मग चार्जशीट, मग आरोप निश्चिती, मग निर्दोष किंवा शिक्षा. आधी त्याची केस नेमकी कुठल्या पायरीवर आहे ते शोधा. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर टाकला की तारखा आणि टप्पा दिसतो. तो नंबर नसेल तर आरोपीच्या नावाने आणि वर्षाने पण शोधता येतं.

आणि त्याची जन्मतारीख बघा. घटनेच्या दिवशी अठरा पूर्ण होते का. मी एका पोराचं प्रकरण बघत होते, फाइलमध्ये वय १९ लिहिलं होतं, पोलिसांनी विचारून लिहिलेलं. आईने पिशवीतून शाळा सोडल्याचा दाखला काढला, घडी पडून फाटत आलेला, त्यावरची तारीख आणि घटनेची तारीख शेजारी ठेवून मी बोटांवर मोजलं तर सतरा वर्षं अकरा महिने. तिथून सगळं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं की अशा मुलाला पुढे त्या गोष्टीमुळे कुठलीही अपात्रता चिकटत नाही आणि रेकॉर्ड सुद्धा नष्ट करायचं असतं. अपवाद आहे सोळा वर्षांवरच्या, निर्घृण गुन्ह्यात मोठ्या माणसासारखा खटला चाललेल्या मुलांचा, मिरवणुकीतल्या मारामारीत तो लागत नाही. तुमच्या भावाने २०२१ ला डिप्लोमा केला म्हणजे २०१९ ला तो अठराच्या आसपास असणार, म्हणून म्हणते आजच दाखला काढा.

आता मी जी चूक सगळ्यात जास्त बघते ती सांगते, कारण तुमच्या भावाच्या बाबतीत ती पुढच्या तारखेला होऊ शकते. कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी येतं, कधी बरोबरचा आरोपी, कधी कुणाचा तरी ओळखीचा, आणि म्हणतं अहो किती तारखा करणार, गुन्हा कबूल करा, पाचशे हजार दंड भरा आणि मोकळे व्हा. अकरापैकी नऊ जण तयार होतात, कारण कुणी शेती करतो कुणी गाडी चालवतो, त्यांना काही फरक पडत नाही. दहावा पण त्यांच्याबरोबर हो म्हणून टाकतो. दुपारी दोन वाजता दंडाची पावती हातात येते आणि पोरगा चहा पिऊन घरी जातो, त्याला वाटतं केस संपली. केस संपली, पण त्या दिवशी त्याला शिक्षा झाली. दंड ही शिक्षाच आहे, कबुलीवर झालेली शिक्षा ही पण शिक्षाच आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या पावतीने नाही चं हो झालं.

माझ्याकडे एक मुलगा आलेला, बी.फार्म, सरकारी भरतीत निवड झालेला. वडाखाली पत्ते खेळताना सापडला होता, जुगार कायद्याचं कलम १२(अ), तीनशे रुपये दंड भरून आला होता. ते तो विसरूनच गेला होता खरंतर, दंडाला तो ट्रॅफिकच्या चलनासारखं समजत होता. साक्षांकन नमुन्यात शिक्षा झाली आहे का ह्याच्यापुढे नाही लिहिलं, पोलीस पडताळणीत निघालं, आणि नोटीस आली ती जुगाराची नव्हती, माहिती दडवल्याची होती. त्याच्या आईने माझ्या टेबलावर ती पावती ठेवली, तीनशे रुपयांची, आणि म्हणाली आम्ही त्याला विकत घेऊन दिलेला मोबाईल पण ह्यापेक्षा महाग होता. आम्ही ते प्रकरण नंतर सोडवलं पण त्यात दीड वर्ष गेलं.

म्हणून तुमच्या भावाला स्पष्ट सांगा, बाकी दहा जण काय करतात ते करू दे, त्याने त्याच्या वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली द्यायची नाही. आणि खरंच त्याचा दोष असेल आणि शिक्षा टळणारी नसेल तरी प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्ट १९५८ आहे. कलम ३ खाली समज देऊन किंवा कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सोडता येतं आणि कलम १२ म्हणतं की असा सोडलेला माणूस शिक्षेमुळे येणारी अपात्रता भोगणार नाही. त्याने गुन्हा केला ही गोष्ट पुसली जात नाही, विचारलं तर सांगावीच लागते, सुप्रीम कोर्टाने हे सांगितलेलं आहे, पण पाचशे रुपये दंड आणि कलम ४ चा आदेश ह्यात करिअरच्या दृष्टीने प्रचंड फरक आहे आणि तो मागितल्याशिवाय बऱ्याचदा कुणी देत नाही. वकिलाने अर्ज द्यायला हवा.

मिटवायचं असेल तर त्यालाही रस्ता आहे. ३२३, ५०४ आणि साधी धमकी असेल तर ५०६, ही कलमं तडजोडीने मिटतात आणि तडजोड झाली की कायद्याने त्याचा परिणाम निर्दोष सुटण्याचाच असतो. अडचण १४३ आणि १४७ ची, ती तालुक्याच्या कोर्टात तडजोडीने मिटत नाहीत. त्यासाठी हायकोर्टात गुन्हा रद्द करायचा अर्ज, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२, नव्या कायद्यात ५२८. दोन्ही मंडळांची पोरं आता एकत्र बसत असतील, फिर्यादी स्वतःहून प्रतिज्ञापत्र द्यायला तयार असेल, जखमा किरकोळ असतील तर अशा खाजगी स्वरूपाच्या भांडणात हायकोर्ट रद्द करू शकतं, ग्यान सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१२ ला हे मोकळं करून सांगितलंय. आधी ह्यासाठी साताऱ्यातून मुंबई गाठायला लागायची, आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सातारा जिल्हा त्यात येतो, त्यामुळे खर्च आणि हेलपाटे दोन्ही कमी झालेत. सरकार सुद्धा काही वेळा सामाजिक, राजकीय आंदोलनांतले खटले मागे घेतं, त्याला सरकारी वकिलाचा अर्ज आणि कोर्टाची परवानगी दोन्ही लागतं, तुमची केस त्यात बसते का ते वकिलाला विचारा पण त्याच्या आशेवर बसून राहू नका. आणि साक्षीदाराला पैसे देऊन फितूर करायच्या नादाला तर अजिबात लागू नका, तो वेगळा आणि जास्त वाईट गुन्हा आहे.

रजिस्ट्रेशनचा अर्ज मात्र ह्यातलं काही संपायची वाट न बघता करा. फॉर्ममध्ये प्रलंबित खटल्याचा प्रश्न असेल तर हो लिहा आणि सोबत एक पानाचं निवेदन जोडा. त्यात रडगाणं नको. कोर्टाचं नाव, केस नंबर, कलमं, घटनेची तारीख, केस कुठल्या टप्प्यावर आहे, कुठलीही शिक्षा झालेली नाही, त्यानंतर दुसरा कुठलाही गुन्हा नाही, निकाल लागल्यावर कळवीन. सोबत एफआयआर आणि चार्जशीटची प्रत, नक्कल विभागातून काढलेला रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद. एवढं बास. 'मी निर्दोष असून मला गोवण्यात आलं आहे' हे वाक्य सगळे लिहितात, खरं असलं तरी ते कोर्टात सिद्ध करायचं असतं. आवक नंबर घेतल्याशिवाय कागद देऊ नका. रजिस्ट्रारने अर्ज फेटाळलाच तर लेखी आदेश मागा, कलम ३३ प्रमाणे तीन महिन्यांत कौन्सिलकडे अपील करता येतं आणि त्यापुढे हायकोर्टात रिट आहेच. एजंट कधीकधी म्हणतात की इथे नाही झालं तर शेजारच्या राज्यात करून देतो, तर तेही ऐकू नका. एका राज्यात नाव काढलेल्या माणसाला दुसऱ्या राज्यात कौन्सिलच्या बैठकीतल्या मंजुरीशिवाय नाव लावता येत नाही हे पण त्याच कलमात आहे. आणि असा एजंट पुढे रजिस्ट्रेशन झाल्यावर सर्टिफिकेट एखाद्या दुकानाला भाड्याने द्यायची ऑफर घेऊन येईल, दुकानात पाऊल न टाकता महिन्याला पैसे, त्यालाही नाहीच म्हणायचं.

तुमच्या मनात हे असेल की ठीक आहे पण शिक्षा झालीच तर कायमचं संपलं का. नाही. कोर्टं गुन्ह्याचं स्वरूप बघतात, त्यासाठी शब्द आहे नैतिक अधःपतन. १९९६ च्या पवन कुमार खटल्यात हरियाणातल्या एका कर्मचाऱ्याला कलम २९४ (सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तन) खाली वीस रुपये दंड झाला होता आणि तेवढ्यावर नोकरी गेली होती, सुप्रीम कोर्टाने ते चुकीचं ठरवलं आणि संसदेने अशा किरकोळ शिक्षांबद्दल विचार करावा असंही म्हटलं. २०१६ च्या अवतार सिंग निकालात तीन न्यायाधीशांनी माहिती दडवण्याबद्दल सविस्तर नियम घातले, तरुण वयात घोषणा देण्यासारख्या क्षुल्लक गोष्टी सोडून देता येतात असं तिथे आहे. ते दोन्ही निकाल नोकरीचे आहेत पण कौन्सिलपुढे आम्ही ते दाखवतो आणि ऐकले जातात. डॉक्टरांच्या बाबतीत महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा १९६५ चा कायदा पण हाच नैतिक अधःपतनाचा शब्द वापरतो.

खरा धोका धंद्याशी जोडलेल्या गुन्ह्यांचा असतो. फार्मासिस्टवर एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याची केस, चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या विकल्याची केस, मालेगावकडे ज्याला कुत्ता गोळी म्हणतात तसला प्रकार, गर्भपाताच्या किट्स, हे असलं असेल तर माझं सगळं उत्तर वेगळं झालं असतं. आणि खटला प्रलंबित असताना काहीच होत नाही हे पण सगळीकडे खरं नाही, गर्भलिंग निदानाच्या पीसीपीएनडीटी कायद्यात डॉक्टरवर कोर्टाने आरोप निश्चित केले की तिथेच मेडिकल कौन्सिलला कळवून रजिस्ट्रेशन निलंबित करण्याची तरतूद आहे, शिक्षा झाली तर पहिल्या वेळी पाच वर्षं नाव काढलं जातं आणि दुसऱ्या वेळी कायमचं. कुणी डॉक्टर हे वाचत असेल तर त्यांनी माझं फार्मसीचं उत्तर स्वतःला लावून घेऊ नये.

भाऊ दुबईला जायचं म्हणतोय असंही तुम्ही लिहिलंय. तिथे अडचण वेगळी आहे. प्रलंबित खटला असताना पासपोर्टसाठी त्या कोर्टाची परवानगी लागते, १९९३ ची केंद्राची अधिसूचना आहे, आणि कोर्टाने आदेशात मुदत लिहिली नाही तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो, म्हणून अर्जातच किती वर्षांची परवानगी हवी ते लिहून मागा. त्यापुढे पोलीस क्लिअरन्स लागेल, आणि केस चालू असताना ते स्वच्छ येणार नाही. त्यामुळे परदेश दोन नंबरला ठेवा, आधी केस संपवा.

चार्जशीटची पहिली दोन पानं आणि जखमींची मेडिकल सर्टिफिकेटं एकदा स्वतः बघा. तुम्ही लिहिलेल्या पाच कलमांवर मी हे सगळं सांगितलंय. त्यात नंतर ३२४, ३२६ (हत्याराने केलेली दुखापत, गंभीर दुखापत) किंवा हत्याराचं कलम वाढवलेलं असेल, मिरवणुकीच्या केसेसमध्ये तपासात असं बऱ्याचदा होतं आणि घरच्यांना माहीतच नसतं, तर तडजोडीबद्दल मी वर जे लिहिलंय ते तसंच लागू होणार नाही, तेवढं मला परत कळवा.